निवांतनगरचा गव्हर्नर

खोत गेला. परवा दुपारी त्याच्या मुलीचा फोन आला, काका, बाबा गेले म्हणून. मी 'बरं' म्हटलं. मग वाटलं, बरं काय म्हटलं आपण. पण तोवर तिनं फोन ठेवला होता. तिला अजून बऱ्याच जणांना कळवायचं असणार. ह्या वयात कुणी गेल्याचं कळलं की मी आधी बसायला जागा बघतो. बाकीचं सगळं नंतर. खुर्ची गॅलरीत होती, तिथवर गेलो आणि बसलो. बसल्यावर लक्षात आलं की खोतला हे पटलं असतं. माणसाला बसायला जागा पाहिजे, ह्याच्यापलीकडे त्या माणसानं जगाकडे काही मागितलं नाही.

मी शिकलेला नाही. चौथी झाली आणि गावाहून भाईंदरला आलो तो थेट स्टीलच्या गाळ्यात. भांड्यांना पॉलिश करायचं काम. फिरत्या बफवर, म्हणजे कापडाच्या चाकावर, ताट धरायचं, त्यात आपलं तोंड दिसेपर्यंत. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं निघायचं. जन्म त्यात गेला. खोत मला नावानं कधी हाक मारायचा नाही, 'पॉलिश' म्हणायचा. 'काय पॉलिश, जेवलास का?' मी त्याला गव्हर्नर म्हणायचो. का म्हणायचो ते सांगतो.

जेसल पार्ककडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची बिल्डिंग होती. तळमजला आणि वर चार मजले. लिफ्ट नाही. मी तिसऱ्यावर, खोत चौथ्यावर, बरोबर माझ्या डोक्यावर. उंच माणूस, पण मानेतून वाकलेला, कारण सगळं आयुष्य टेबलावर वाकून गेलं. लग्नपत्रिकांच्या एका दुकानात तो चित्रं काढायचा. गणपती, कळस, केळीचे खांब, सनईवाले, डोली. मग कॉम्प्युटर आला, चित्रं तयार मिळायला लागली, आणि शेठनं त्याला काढून न टाकता काउंटरवर बसवलं, गिऱ्हाइकाला नमुने दाखवायला. खोत म्हणायचा, शेठ चांगला माणूस, मला बसायला जागा दिली.

त्याची एक खोड अशी की हातात पैशाची नोट आली की तो ती उजेडात धरून बघत बसायचा. खरी-खोटी म्हणून नाही. चित्र बघायला. भाजीवाला ओरडायचा, 'चाचा, असली है, दे दो ना.' खोत म्हणायचा, 'रुको भाई, पढ रहा हूँ.' मागं बायकांची रांग लागायची. मी बरोबर असलो की मला लाज वाटायची. त्याच्या भाच्यानं आखातातून कुठल्या कुठल्या देशांच्या जुन्या नोटा आणून दिल्या होत्या, त्या त्यानं मला एकदा दाखवल्या. वाघ होता, गरुड होता, तलवार, धरण, कारखाना, जहाज.

'हे बघून तुला काय होतं?' त्यानं विचारलं.

मी म्हटलं, 'काय व्हायचंय?'

'मला दम लागतो,' खोत म्हणाला. 'सगळे कामाला जुंपलेले. वाघसुद्धा. एक तरी कुणी निजलेलं दाखव.'

ही त्याची परीक्षा होती. कुठलंही चित्र असो, कॅलेंडर असो, पुढाऱ्याचं बॅनर असो, बघायचा आणि म्हणायचा, दम लागतो किंवा दम जातो. बहुतेक वेळा लागायचा.

पहिली नोट त्यानं सोसायटीच्या मीटिंगला काढली. पाण्यावरून मीटिंग होती. आमच्याकडे तेव्हा पाणी कधी येईल त्याचा नेम नव्हता. आलं की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन पळायची. खाली पार्किंगमध्ये खुर्च्या टाकलेल्या, सेक्रेटरी हिंदीत ओरडतोय, दुसऱ्या मजल्यावरचे गुजरातीत, आम्ही मराठीत, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच की टँकर कुणी मागवायचा. खोत माझ्या बाजूला बसून खिशातली पेन्सिल काढून काहीतरी गिरवत होता. मीटिंग संपली, टँकरचं ठरलं नाही. त्यानं कागद माझ्या हातात दिला. पत्रिकेच्या नमुन्याचा जाड, पिवळसर तुकडा होता. मागच्या बाजूला छापलेलं, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'. पुढच्या बाजूला नोट.

बारीक नक्षीची चौकट. वर लिहिलेलं, निवांतनगर. कोपऱ्यात 'एक घटका'. मधोमध एक हंडा, पालथा घातलेला, त्याच्यावर वाळत टाकलेलं फडकं. आणि खाली सरकारी नोटेवर असतं तसं वचन: धारकास बसायला जागा देण्याचे वचन देतो. त्याखाली त्याची सही, गव्हर्नर म्हणून.

मी विचारलं, हंडा पालथा का? तर म्हणाला, निवांतनगरला नळाला पाणी असतं, कुणी भरून ठेवत नाही, त्यामुळे हंडे पालथेच असतात. ते तिथलं राजचिन्ह आहे.

'आणि हे आहे कुठं?'

त्यानं खाडीकडे हात केला. 'तिकडं. तिवरांच्या मागं.'

'तिवरांच्या मागं चिखल आहे.'

'तिथवर कुणी बांधकाम केलेलं नाही ना,' खोत म्हणाला. 'म्हणून तर तिथं आहे.'

मी घरी येऊन इंदूला नोट दाखवली. इंदू म्हणजे माझी बायको. ती माझ्याहून दोन बुकं जास्त शिकलेली. तिनं वचन मोठ्यानं वाचलं, परत वाचलं आणि म्हणाली, 'मग जागा कोण देणार?'

मी म्हटलं, वेडा आहे तो, जागा-बिगा काही नाही.

'असं कसं. लिहून दिलंय ना.'

तिनं घरातलं स्टूल उचललं आणि दाराबाहेर, जिन्याच्या कडेला नेऊन ठेवलं. ते स्टीलचं स्टूल मी गाळ्यातून आणलेलं. एक पाय किंचित आखूड म्हणून शेठनं काढून टाकलेला माल. पण त्याची बैठक मी स्वतः पॉलिश केली होती, सुट्टीच्या दिवशी, आरशासारखी. इंदू बाहेर निघताना घाई असली की त्याच्यावरच वाकून कुंकू नीट आहे का बघायची. आखूड पायाखाली तिनं पत्रिकेचाच एक तुकडा घडी करून घातला, आणि झाली निवांतनगरची पहिली शाखा.

खोतला ते बघून काय वाटलं कुणास ठाऊक, पण त्यानंतर तो नोटा काढतच सुटला. गंमत म्हणून सुरू झालं आणि रीतच होऊन बसली. कुणी दमलेलं दिसलं की खोत खिशातून एक नोट काढून द्यायचा. त्या माणसानं ती तिसऱ्या मजल्यावर आणून इंदूला द्यायची, स्टुलावर बसायचं, पाणी किंवा चहा जे असेल ते प्यायचं आणि जायचं. नोट इंदूकडे राहायची. खोत ती परत न्यायचा आणि दुसऱ्या कुणाला द्यायचा. नोट नसली तरी इंदू बसवायचीच म्हणा, पण लोकांना नोट आवडायची. पहिल्या मजल्यावरची नाझिया, तिची सासू, वरच्या टाकीची सफाई करणारा माणूस, सगळ्यांनी नोटा मोडल्या. नाझियाची सासू तर बुरखा सावरत वर यायची आणि दुरूनच नोट हलवायची, 'इंदू, बँक खुली है क्या?'

नोटांवरची चित्रं वेगवेगळी. दोन घटकांच्या नोटेवर एक उघडं दार आणि त्याच्यासमोर चपलांचा ढीग. त्याचा अर्थ, घरात माणसं आलीत आणि कुणाला जायची घाई नाही. दहाच्या नोटेवर स्कूटरच्या सीटवर झोपलेलं मांजर. स्कूटर कोणाची ते ओळखू यायचं, सेक्रेटरीची. आणि प्रत्येक नोट उजेडात धरली की टाचणीनं पाडलेल्या भोकांचं एक चित्र उमटायचं, पाय पसरून झोपलेला कुत्रा. खोटी नोट ओळखायची खूण. मी विचारलं, तुझी खोटी नोट कोण काढणार बाबा? तो म्हणाला, 'दिवस काय सांगून येतात? असू दे कुत्रा.' शंभराची नोट मात्र त्यानं काढली नव्हती. म्हणायचा, एवढा वेळ बसणारा माणूस अजून भेटला नाही.

पाचाची नोट मासळीवालीची. भाईंदर गावातली म्हातारी कोळीण, डोक्यावर टोपली घेऊन मजला मजला चढायची. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. नोटेवर खोतनं तिची टोपली काढली होती, जमिनीवर उतरवून ठेवलेली, बाजूला चुंबळ. टोपली डोक्यावर नाही, खाली, ह्यातच सगळं आलं, असं त्याचं म्हणणं. आत्याबाईनं नोट उलटसुलट करून बघितली.

'टोपली माजी हाय. मंग तोंड कुटं गेलं माजं?'

खोत म्हणाला, 'आत्याबाई, निवांतनगरच्या नोटेवर तोंड नसतं कुणाचं.'

'का? तोंड वाईट हाय का माजं?'

'तुमचं काढलं तर तुमची जाऊ येईल, माझं का नाही म्हणून.'

'ती तं येलच,' आत्याबाई म्हणाली आणि नोट कनवटीला लावली.

तोंड न काढण्याचा नियम त्याच्या धंद्यातून आलेला. चेणे गावाकडच्या एका घरच्या लग्नाची पत्रिका त्यानं केली होती. आमच्या बाजूच्या पत्रिकेवर लग्नाच्या नवरा-नवरीपेक्षा काका-मामांचीच नावं जास्त, वर गेलेल्या आजोबांचा फोटो. त्या घरात आजोबा दोघे. सख्खे भाऊ, दोघेही गेलेले. खोतनं दोघांचे फोटो लावले, पण एकाच्या फेट्यामुळे त्याचा फोटो जरासा मोठा दिसला. झालं. फेटा नसलेल्या आजोबांची मुलं दुकानात आली. मग फेटेवाल्यांची आली. पत्रिका परत छापल्या, दोन्ही फोटो काढून. तरी त्या लग्नात दोन मांडव पडलेच. खोत हे सांगताना हसायचा नाही. म्हणायचा, 'पॉलिश, मेलेली माणसं निवांत होती रे. मी त्यांना उठवून भांडायला लावलं.'

तर ती आत्याबाई. एके दिवशी तिनं काय केलं, पाचाची नोट घेऊन ती पहिल्या मजल्यावर सेक्रेटरीच्या घरी गेली. तिला वाटलं, नोट आहे, कुठंही चालेल. सेक्रेटरीनं दार उघडलं, हिनं नोट त्याच्या हातात दिली आणि आत जाऊन टोपलीसकट सोफ्यावर बसली. सेक्रेटरीच्या घरी कांदासुद्धा खात नाहीत. बोंबील होते त्या दिवशी. तो माणूस नोट वाचतोय, मागची श्रीकृपा वाचतोय, बायको नाकाला पदर लावून गॅलरीत. आत्याबाई म्हणाली, 'चाय नको, पानी द्या.' हे तिनं स्वतः वर येऊन सांगितलं. इंदू हसून हसून भिंतीला टेकली. खोत मात्र खूश. म्हणाला, आपलं चलन आता बाहेरही चालायला लागलं.

त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. सेक्रेटरीनं फलकावर नोटीस लावली, पॅसेजमध्ये सामान ठेवू नये. सामान म्हणजे स्टूल. इंदूनं काढलं नाही. वॉचमनला पाठवलं, त्यालाही तिनं बसवून चहा पाजला. शेवटी सेक्रेटरी स्वतः यायला निघाला. जाड माणूस, गुडघे गेलेले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचा भाता सुरू झालेला. मी दारात उभा होतो, मनात शिव्या तयार ठेवून. इंदू मला मागं सारून पुढं झाली.

'पहले बैठो, बाद में बोलो,' ती म्हणाली.

तो बसला. पाणी प्यायला. घाम पुसला. खाली मान घालून स्टुलाच्या आखूड पायाकडेच बघत राहिला. मग उठला आणि खाली गेला. नोटीस तशीच राहिली आणि स्टूलही. वरच्या जिन्यावरून खोत हे सगळं बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मांजराची एक नोट सेक्रेटरीच्या दाराखालून आत सरकवली.

खोत गोड माणूस होता असं कुणाला वाटेल. तसा नव्हता. हट्टी होता, घुम्या होता, मुलीशी त्याचं पटायचं नाही कारण तो फोन उचलायचा नाही. कुणाच्या घरी जेवला तर चांगलं झालंय असं तोंडातून निघायचं नाही. इंदूनं आयुष्यभर त्याला डबा दिला, त्यानं आयुष्यभर डबा धुऊन परत दिला, बस. संध्याकाळी आम्ही खाडीवर जाऊन बसायचो आणि तो मला निवांतनगरची बांधणी सांगायचा. इमारती किती उंच, तर म्हातारी बाई न थांबता चढेल एवढ्याच. गेट नाही, वॉचमन नाही, फलक नाही. दुकानाला पायरी पाहिजे, पायरीवर सावली पाहिजे. मी ऐकायचो. गाळ्यात उभा राहून राहून माझे पाय दुखत असायचे, त्यामुळे पटायचं.

मग इंदू आजारी पडली. छातीत पाणी झालं. हॉस्पिटलमधून आणली तेव्हा जिना चढताना प्रत्येक मजल्याला थांबली. तिसऱ्या मजल्यावर आली आणि घराचं दार समोर असून ती आधी त्या स्टुलावर बसली. मी म्हटलं, घर आलं, आत चल. ती म्हणाली, 'थांबा हो. एवढ्या लोकांना बसवलं, मला बसू द्या की.' खोत वरून उतरत होता. त्यानं खिशात हात घातला, नोट निघाली नाही, तर नुसताच रिकामा हात तिच्यापुढं केला. तिनं त्यातली नोट घेतल्यासारखं केलं. त्यानंतर ती पुन्हा बाहेर येऊन बसली नाही.

तिचं सगळं उरकल्यावर मी स्टूल आत घेतलं. लोकांनी विचारलं. मी म्हटलं, माझं आहे. भिंतीशी ठेवून त्याच्यावर तिचा फोटो मांडला. आता त्या फोटोचं सांगतो. आमच्याकडे तिचा एकटीचा फोटो नव्हता. मतदानाच्या कार्डावरचा होता तो स्टुडिओवाल्यानं मोठा केला. कार्डावर माणूस कसा असतो ते तुम्हाला माहीतच आहे. डोळे ताणलेले, ओठ मिटलेले, पोलिसांनी धरून आणल्यासारखी. स्टुडिओवाल्यानं वर हिरवी साडी चढवली जी तिनं कधी नेसली नव्हती. रोज सकाळी मी त्या बाईला दिवा लावायचो आणि रोज वाटायचं, ही कोण? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, रोज तिलाच बघून बघून खरी इंदू मला आठवेनाशी व्हायला लागली. हसताना तिला खळी कुठल्या गालाला पडायची तेही एक दिवस आठवेना. त्या दिवशी मी चौथा मजला चढून गेलो.

'इंदूला काढ,' मी खोतला म्हटलं. 'नोटेवर काढ.'

तो पेन्सिल तासत होता. थांबला. 'नोटेवर तोंड नसतं रे.'

'नियम तुझाच ना? मग मोड. कोण येणारे भांडायला?'

'भांडणाचं नाही.' त्यानं ब्लेड खाली ठेवलं. 'मला जमणार नाही.'

'एवढे गणपती काढलेस.'

'गणपतीला कुणी बघितलंय, पॉलिश? चुकला तरी तो गणपतीच. वहिनींना तू बघितलंयस. माझं नाक चुकलं तर तू मरेपर्यंत ते चुकलेलं नाक बघत बसशील. एक चुकीचा फोटो आहे तुझ्याकडे. दुसरा कशाला?'

खरं बोलत होता. पण खरं ऐकायला मी वर चढलो नव्हतो. मी म्हटलं, 'तुझी कॉलनी घाल खाडीत,' आणि खाली आलो.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. जिन्यात भेटायचो, एकमेकांना वाट द्यायचो. त्यानं नोटा काढणं बंद केलं. काढून उपयोग काय, मोडायची कुठं? आत्याबाईही वर यायची थांबली. तळमजल्यावरून हाक द्यायची, ज्याला पाहिजे त्यानं खाली यावं. मला ऐकू यायचं, मी जायचो नाही. एकट्यासाठी मासळी कोण करतो.

मग बिल्डिंग धोकादायक ठरली. नोटिसा लागल्या, नवीन बांधणार म्हणून सह्या झाल्या, आणि एकेक घर रिकामं व्हायला लागलं. माझ्या मुलानं पूनम सागरला भाड्यानं जागा घेतली, आता तिथंच असतो. इथं लिफ्ट आहे. खोतची मुलगी त्याला डोंबिवलीला न्यायला आली. सकाळपासून टेम्पोत सामान उतरत होतं, आवाज सगळा माझ्या डोक्यावर. मी दार लावून बसलो होतो. निरोप घ्यायला येईल का नाही, आला तर काय बोलायचं, काही ठरत नव्हतं.

दार वाजलं. खोत एकटाच होता, मुलगी खाली टेम्पोपाशी. एकच मजला उतरला होता तरी त्याला धाप लागली होती. मी 'ये आत' म्हणणार, तेवढ्यात त्यानं हात पुढं केला. हातात नोट.

'बसायला जागा द्या,' तो म्हणाला. मला कधी तो अहोजाहो करत नसे.

आत खुर्ची होती, खाट होती. पण नोट कुठं मोडतात ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी आत गेलो. फोटो उचलला, खाटेवर ठेवला. स्टूल बाहेर आणलं, जिन्याच्या कडेला होतं तिथंच ठेवलं. आखूड पायाखालचा कागद कधीच हरवला होता, ते डुगडुगलं. खोतनं खिशातून पत्रिकेचा तुकडा काढला, घडी घातली, वाकून पायाखाली सरकवली आणि बसला. मी चहा केला. दूध उतू गेलं, साखर जास्त झाली. खोत तो शेवटपर्यंत प्यायला.

'वहिनींसारखा नाही,' तो म्हणाला.

'नाहीच.'

कप माझ्या हातात देऊन मग त्यानं नोट दिली. शंभर घटकांची. चौकट नेहमीपेक्षा जाड होती, रेघ दोनदोनदा ओढलेली. मधोमध हे स्टूल. बाजूला कठडा, मागं माझं अर्धं उघडं दार. माणूस कुणी नाही. मला वाटलं, मान राखला आपला, उजेडात इंदू दिसेल असं काही केलं असेल. मी नोट खिडकीकडे धरली. कुत्राच होता, पाय पसरून.

'उजेडात नको,' खोत म्हणाला. 'तुझं पॉलिश बघ.'

मी नोट डोळ्यांजवळ आणली. स्टुलाच्या बैठकीवर त्यानं पेन्सिलीनं अगदी हलकं, बोटानं पुसल्यासारखं काहीतरी केलं होतं. मी जन्मभर स्टील घासलंय. वर कुणी वाकलेलं असलं की पत्र्यात कसं दिसतं ते मला कुणी शिकवायला नको. नाक, डोळे काही धड नसतात, नुसती सावली. सावलीच्या खालच्या अंगाला, पत्र्यात वरचं खाली होतं ना तसं, एक लहानसा ठिपका होता. तेवढाच लाल. कुंकू नीट आहे का बघायला ती वाकली होती.

खळी डाव्या गालाला पडायची. मला आठवलं.

'तोंड काढलेलं नाही मी,' खोत म्हणाला. 'नियम नियम आहे.'

तो कठडा धरून उठला. माझ्या खांद्यावर हात-बित ठेवला नाही, तसला तो नव्हताच. 'जेवत जा,' म्हणाला आणि उतरायला लागला. एक पायरी, थांब, एक पायरी.

मी स्टूल आत घ्यायला वाकलो. तेवढ्यात खालून आत्याबाईची हाक आली, मासळी घ्या म्हणून, आणि मग खोतचा आवाज, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरून:

'आत्याबाई, वर जा. बँक उघडलीय.'

'खोटं बोलतस. स्टूल न्हाय तिथं.'

'आहे. मी आत्ताच बसून आलो.'

तिचं पाऊल जिन्यावर वाजायला लागलं. मी स्टूल तसंच सोडलं आणि पाणी आणायला आत वळलो. वळण्याआधी जिन्याच्या फटीतून खाली बघितलं. खोत दिसत नव्हता, कठड्यावरचा त्याचा हात तेवढा दिसत होता. आत्याबाई टोपली घेऊन चढतेय म्हणून तो हात एका जागी थांबला, तिला वाट दिली, आणि मग सावकाश खाली सरकत गेला.